शेगडीवरची किटली आणि मोका पॉट: धातूच्या भांड्याची रचना कशी ठरते?

टपरीवरचा चहावाला ॲल्युमिनियमची किटली उचलताना मुठीभोवती फडके गुंडाळतो. घरात चहाचे पातेले उतरवायला पक्कड लागते. कोणी तिला सांडशी म्हणते. स्वयंपाकघरात रोज दिसणाऱ्या या दोन गोष्टींमागे एकच अडचण आहे. धातू उष्णता वाहून नेतो म्हणूनच तो शेगडीवर ठेवता येतो आणि नेमक्या त्याच कारणाने तो हाताला भाजतो.

शेगडीवर ठेवायचे चहा-कॉफीचे भांडे घडवणाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न हाच असतो. उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोहोचली पाहिजे, पण हातापर्यंत पोहोचता कामा नये. वाफेला वाट मिळाली पाहिजे, पण ती वाट बोटांवरून जाता कामा नये. तळ, भिंत, मूठ, चोच, झाकण, शिट्टी आणि झडप या प्रत्येक भागाचा आकार या प्रश्नाचे उत्तर म्हणून ठरतो. उत्तर चुकले तर भांडे दिसायला कितीही सुंदर असो, वापरणाऱ्याचा हात भाजतो किंवा ओट्यावर उकळते पाणी सांडते.

सुरुवात तळापासून

गॅसच्या ज्योतीची उष्णता भांड्यात मुख्यतः तळातून शिरते. त्यामुळे तळ जितका रुंद, तितकी उष्णता घेणारी जागा जास्त. पाणी उकळण्याच्या किटल्या खाली पसरट आणि वर निमुळत्या का असतात, याचे हे साधे कारण आहे. ज्योत तळाच्या बाहेर गेली की दोन तोटे होतात. गॅस वाया जातो आणि गरम वायू भिंतीला लागून वर चढून थेट मुठीपर्यंत जातात. जळून तडकलेल्या किंवा वितळलेल्या मुठीचे मूळ बहुधा लहान बुडाचे भांडे मोठ्या बर्नरवर ठेवण्यात असते.

उष्णता वाहून नेण्याची धातूंची क्षमता वेगवेगळी असते. प्रतिमीटर-केल्व्हिन वॅट या एककात तांब्याचा आकडा सुमारे ४००, ॲल्युमिनियमचा २३५च्या आसपास, पितळेचा ११० ते १२० आणि नेहमीच्या स्टेनलेस स्टीलचा जेमतेम १५-१६ असतो. हे आकडे पाहून स्टीलच्या किटलीत पाणी उकळायला तांब्याच्या कितीतरी पट वेळ लागेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पातळ पत्र्यातून उष्णता आरपार जायला फार अडथळा नसतो. खरा अडथळा ज्योतीच्या गरम वायूकडून धातूकडे उष्णता जाण्यात असतो आणि तो सर्व धातूंना सारखाच असतो. म्हणून नुसते पाणी उकळायचे असेल तर स्टीलची किटलीही चांगले काम करते.

फरक पडतो तो दूध-साखरेचा चहा उकळताना. स्टीलमध्ये उष्णता आडवी पसरत नाही. ज्योत लागते तेवढाच भाग कडक तापतो आणि तिथे दूध धरते. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा तळ ती उष्णता चहूकडे वाटून देतो. स्टीलच्या चांगल्या भांड्यांच्या बुडाला बाहेरून तांब्याचा थर दिलेला असतो किंवा दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची चकती दाबून बसवलेली असते, ती याचसाठी.

धातू निवडताना चवीचाही विचार

तांबे उष्णता उत्तम वाहते, पण आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात, हे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवून नवसागराने त्याचा आतला भाग साफ करायचा आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने पसरवायचे. कथलाचा हा पातळ थर अन्न आणि तांबे यांच्यामध्ये राहतो. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांड्यात पाणी आहे तोवर आतला पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटून भांडे रिकामे तापले की कल्हई उतरते. म्हणून कल्हईचे भांडे विस्तवावर विसरायचे नसते.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याच्या भांड्यांवर हातोडीच्या ठोक्यांची नक्षी उठवतात. तिला मठारकाम म्हणतात. ती शोभेची वाटते, पण तिचा उपयोगही आहे. तांबे मऊ असते. ठोक्यांनी ते कठीण होते आणि पातळ पत्र्याचे भांडेही आकार टिकवून धरते.

तुर्कस्तानात कॉफी करण्याच्या ‘जेझवे’ या भांड्यातही तांबे आणि कल्हई ही जोडी दिसते. त्याचे बूड रुंद, गळा अरुंद आणि दांडा लांब असतो. बारीक दळलेली कॉफी पाण्यात मिसळून तापवली की फेस वर येतो. अरुंद गळा तो फेस राखून ठेवतो आणि लांब दांडा हाताला निखाऱ्यापासून दूर ठेवतो. तुर्की कॉफीच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१३मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

जपानमध्ये याच कामासाठी ओतीव लोखंड वापरतात. ‘तेत्सुबिन’ ही जड किटली थेट विस्तवावर ठेवून पाणी उकळतात. तिच्यासारखीच दिसणारी, आतून मिन्याचा लेप दिलेली लोखंडी चहादाणी मात्र विस्तवासाठी नसते. तिच्यात वरून गरम पाणी ओतून चहा मुरवायचा असतो. शेगडीवर ठेवल्यास तो लेप तडकू शकतो. दोन भांडी एकसारखी दिसली तरी त्यांचे काम एक असतेच असे नाही.

ॲल्युमिनियम हलके, स्वस्त आणि साच्यात ओतायला सोपे असते. हवेशी संबंध येताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. आंबट किंवा फार खारट पदार्थ दीर्घकाळ ठेवले तर हा थर झिजतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉफी करावी, पण रात्रभर ठेवू नये. असे भांडे तीव्र अल्कधर्मी साबणाने किंवा डिशवॉशरमध्ये धुतल्यास काळे पडते.

एका ॲल्युमिनियमच्या भांड्याची गोष्ट

शेगडीवरच्या भांड्यांतले बहुतेक प्रश्न एकत्र पाहायचे असतील तर इटलीतील मोका पॉट हे उत्तम उदाहरण आहे. भारतातही कॉफीची आवड असलेल्या अनेक घरांत तो आता दिसतो.

उत्तर इटलीत ओर्ता सरोवराच्या काठी ओमेन्या नावाचे गाव आहे. त्याच्या क्रुझिनाल्लो या भागात आल्फोन्सो बियालेत्ती यांची धातुकामाची कार्यशाळा होती. फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या उद्योगात काम शिकून परतल्यावर त्यांनी ती १९१९मध्ये सुरू केली. १९३३मध्ये तिथून मोका एक्सप्रेस बाहेर पडला. त्याच्या रचनेच्या श्रेयात लुइजी दे पोंती यांचेही नाव घेतले जाते. ‘मोका’ हे नाव येमेनमधील मोखा या कॉफीच्या जुन्या बंदरावरून आले.

त्याआधी इटलीतील घरांत ‘नापोलेताना’ हे उलटायचे भांडे प्रचलित होते. त्याच्या खालच्या भागात पाणी उकळायचे, मग अख्खे भांडे उलटे करायचे आणि पाणी कॉफीतून हळूहळू झिरपू द्यायचे. म्हणजे उकळत्या पाण्याने भरलेले गरम धातूचे भांडे रोज हाताने पालथे करायचे. मोका पॉटने हे काम वाफेकडे सोपवले. पाणी आपोआप वर चढू लागले आणि भांडे उलटण्याची गरज उरली नाही.

सुरुवातीला त्याची विक्री स्थानिक बाजारापुरती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्फोन्सो यांचे पुत्र रेनातो यांनी जाहिरातीवर भर दिला. पाउल कांपानी यांनी रेखाटलेला मिशीवाला छोटा माणूस १९५०च्या दशकात कंपनीचे चिन्ह बनला आणि मोका पॉट इटलीच्या घराघरात पोहोचला. रेनातो यांचे २०१६मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोका पॉटच्याच आकाराच्या मोठ्या कलशात ठेवण्यात आल्या.

पाणी वर कसे चढते?

मोका पॉटचे तीन भाग असतात. खाली पाण्याची टाकी, मध्ये कॉफीची पूड ठेवायचे नरसाळ्यासारखे भांडे आणि वर तयार कॉफी साठणारा भाग. वरचा आणि खालचा भाग आट्यांनी एकमेकांत घट्ट बसतात आणि मधली रबराची किंवा सिलिकॉनची रिंग वाफ बाहेर जाऊ देत नाही.

पाणी उकळले की वाफ कॉफीतून वर जाते, असा समज असतो. प्रत्यक्षात मुख्यतः पाणीच वर जाते आणि तेही उकळण्याआधीच निघते. टाकीत पाण्याच्या वर थोडी हवा अडकलेली असते. ती तापते आणि तिच्यात पाण्याची वाफ मिसळते. ७० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळपास एक-तृतीयांश असतो. अडकलेल्या हवेच्या दाबात तो मिळवला की एकूण दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो. हा दाब पाण्याच्या पृष्ठभागाला खाली ढकलतो आणि पाण्याला जायला नरसाळ्याच्या नळीखेरीज वाट नसल्याने ते तिच्यातून वर चढते, पुडीतून जाते आणि मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून कॉफी होऊन बाहेर पडते.

शेवटी पाण्याची पातळी नळीच्या खालच्या टोकाशी येते. मग नळीत वाफ शिरते आणि ओळखीचा गुरगुरणारा, थुंकल्यासारखा आवाज येतो. या टप्प्यावर वर जाणारी वाफ कॉफीतला कडवट अंश ओढून नेते. म्हणून आवाज सुरू होताच गॅस बंद करणे चांगले. नळीचे टोक टाकीच्या तळाला टेकत नाही. त्यामुळे थोडे पाणी खाली उरते आणि तळ लगेच कोरडा पडत नाही.

ही रचना ठरावीक मापासाठी बेतलेली असते. सहा कपांच्या मोका पॉटमध्ये दोन कपांचे पाणी आणि चिमूटभर पूड घातली तर हवा, पाणी आणि पूड यांचे प्रमाण बिघडते आणि कॉफी नीट उतरत नाही. एक, तीन, सहा कप अशी वेगवेगळी मापे मिळतात ती यामुळे.

अष्टकोनी आकारही निव्वळ शोभेचा नाही. वरचा आणि खालचा भाग पिळून घट्ट करायचे असतात. गुळगुळीत गोल भांडे ओल्या हातातून निसटते, तर कंगोरे पकड देतात. त्यामुळे भिंतीही मजबूत होतात.

झडप: छोटा पण सर्वात महत्त्वाचा भाग

मोका पॉटच्या टाकीला बाजूने पितळेचे एक छोटे बटणासारखे टोक असते. ती सुरक्षा झडप. प्रेशर कुकर वापरणाऱ्याला तिचे काम वेगळे समजावून सांगायची गरज नाही. कुकरमध्ये शिट्टीची वाट बंद झाली तर सेफ्टी व्हॉल्व्ह दाब सोडतो. मोका पॉटमध्ये कॉफीची पूडच वाट अडवू शकते. ती फार बारीक असेल किंवा दाबून भरली असेल तर पाणी वर जाऊ शकत नाही आणि टाकीतला दाब वाढत जातो. अशा वेळी झडप उघडते आणि वाफ बाजूने निघून जाते.

म्हणून मोका पॉटमध्ये पूड दाबायची नसते. एस्प्रेसो यंत्रात ती दाबतात, कारण ते यंत्र सुमारे ९ बार दाबाने पाणी ढकलते. मोका पॉटचा दाब त्यापेक्षा कितीतरी कमी, साधारण एक-दोन बारच्या घरात असतो. एस्प्रेसोसाठीची अतिबारीक पूड इथे घालणे म्हणजे कमी ताकदीच्या यंत्रापुढे भिंत उभी करणे आहे.

पाणी झडपेच्या खालीच का भरायचे, याचेही उत्तर इथे मिळते. झडप पाण्यात बुडाली तर गरज पडेल तेव्हा वाफेऐवजी उकळते पाणी बाहेर उडेल. शिवाय पाण्यातले क्षार झडपेत साठून ती अडकेल. बोअरवेलच्या जड पाण्याच्या भागात हा धोका अधिक. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने क्षार वेळोवेळी काढणे आणि झडपेची दांडी हलते का हे पाहणे, एवढी काळजी पुरते. झडप शेगडीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे न करता भिंतीकडे करून ठेवणे अधिक सुरक्षित.

मूठ: हातासाठी केलेली सोय

धातूच्या भांड्याला धातूचीच मूठ जोडली तर उष्णता तिच्यातून हातात येते. यावर जगभर वेगवेगळे उपाय निघाले. लाकडी मूठ, वेताचे वेष्टन, पोकळ नळीची मूठ, मूठ आणि भांडे यांच्यामध्ये उष्णतारोधक तुकडा असे त्यांचे प्रकार. १९०७मध्ये लिओ बेकलँड यांनी बेकेलाइट तयार केले आणि भांड्यांच्या मुठींसाठी मोठी सोय झाली. एकदा घट्ट झालेले बेकेलाइट तापवल्यावर पुन्हा वितळत नाही. थेट ज्योतीत मात्र ते करपते. मोका पॉटची मूठ वरच्या भागाला, ज्योतीपासून दूर असते ती म्हणूनच.

स्टीलचा उष्णता कमी वाहण्याचा दोष इथे गुण ठरतो. बारीक स्टीलची कडी तांब्याच्या कडीपेक्षा खूप उशिरा तापते.

मराठी स्वयंपाकघराने हा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सोडवला. पातेल्याला मूठच ठेवली नाही. पक्कड शेगडीवर राहत नाही, त्यामुळे ती तापत नाही. एकच पक्कड दहा भांड्यांना चालते आणि भांडी एकात एक ठेवता येतात. तोटा एवढाच, की भरलेले पातेले कलंडवताना सारा भार काठावरच्या एका पकडीवर येतो. म्हणून पातेल्यातला चहा कपात ओतताना हात जपावा लागतो आणि अनेक कप भरायचे असले की किटलीच लागते.

मूठ कुठे जोडावी, हाही प्रश्न असतो. भरलेली किटली उचलताना तिचा भार मुठीच्या जितका जवळ, तितका मनगटावरचा ताण कमी. वरून कमानीसारखी कडी असेल तर भार थेट हाताखाली येतो, पण झाकणातून निघणारी वाफही हाताखालीच येते. बाजूची मूठ वाफेपासून दूर असते, पण तिथे मनगटाला जोर लावावा लागतो. फ्रेंच चित्रकार जाक कारलमान यांनी मूठ आणि चोच एकाच बाजूला असलेली कॉफीची किटली चितारली होती. पुढे डोनाल्ड नॉर्मन यांच्या ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. अशा किटलीतून कॉफी ओतली तर ती ओतणाऱ्याच्याच हातावर पडेल. विनोद हसवतो, पण मुद्दा गंभीर आहे. ओतण्याच्या क्षणी हात, वाफ आणि धार कुठे असतील, याचा विचार आधीच करावा लागतो.

चोच आणि गळणारा थेंब

किटलीच्या चोचीचे तोंड आतल्या पाण्याच्या कमाल पातळीपेक्षा वर असावे लागते. एकमेकांना जोडलेल्या दोन भागांत पाण्याची पातळी सारखी राहते. चोच ठेंगणी असेल तर किटली पूर्ण भरण्याआधीच पाणी चोचीतून वाहू लागते. उकळताना पाणी उसळते, म्हणून त्याहूनही थोडी जागा वर राखावी लागते. झाकणाला बारीक भोक असते तेही महत्त्वाचे. ओतताना बाहेर गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला हवा आत आली नाही, तर धार गटागटा अडखळत पडते.

हळू ओतताना द्रव चोचीच्या खालच्या बाजूला चिकटून ओघळतो, याचा अनुभव सर्वांना आहे. मार्कुस रायनर यांनी १९५६मध्ये याला ‘टीपॉट इफेक्ट’ असे नाव दिले. जोसेफ केलर यांनी लगेचच त्याचे गणित मांडले. पुढे १९९९मध्ये, न गळणाऱ्या चोचीच्या अभ्यासासाठी केलर आणि जाँ-मार्क व्हँडन-ब्रोक यांना इग नोबेल मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हा पुरस्कार असतो. २०२१मध्ये व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने याचा अधिक पूर्ण सिद्धान्त मांडला गेला. वेग पुरेसा असला की धार काठावरून सुटते. वेग कमी झाला की काठाच्या खाली ओलावा धरून द्रव मागे वळतो.

वापरणाऱ्यासाठी यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. चोचीचा काठ पातळ आणि धारदार असेल तर धार स्वच्छ तुटते. काठ जाड, गोल वळवलेला असेल तर तो ओघळणारच.

शिट्टी का वाजते?

पाणी आटून किटली कोरडी तापू नये यासाठी शिट्टी असते. तिच्यात मध्यभागी भोक असलेल्या दोन चकत्या थोड्या अंतरावर बसवलेल्या असतात. वाफेची धार पहिल्या भोकातून शिरते आणि दुसऱ्या चकतीवर आदळते. केंब्रिज विद्यापीठातील रॉस हेन्रीवुड आणि अनुराग अगरवाल यांनी २०१३मध्ये या आवाजाचा उलगडा केला. वाफेचा वेग कमी असताना रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आवाज निघतो. वेग वाढला की वाफेत भोवरे सुटू लागतात आणि त्यांच्यामुळे शिट्टीचा सूर ठरतो.

शिट्टी मधुरही असू शकते, हे रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने दाखवले. ओमेन्याच्याच अलेस्सी कंपनीसाठी त्यांनी १९८३मध्ये केलेल्या किटलीत पितळेच्या छोट्या नळ्या आहेत आणि त्यांतून एकाच वेळी दोन सूर निघतात. १९८५मध्ये अमेरिकन वास्तुरचनाकार मायकेल ग्रेव्हज यांनी त्याच कंपनीसाठी शंकूच्या आकाराची, चोचीवर छोटा पक्षी असलेली किटली केली. तिचे पसरट बूड पाणी लवकर तापवते आणि पाणी उकळले की पक्षी गातो. त्याआधी १९७९मध्ये सॅपर यांच्या स्टीलच्या कॉफी पॉटला इटलीचा ‘कोंपासो द’ओरो’ पुरस्कार मिळाला होता. तो उघडायला आटे पिळावे लागत नाहीत, मुठीशी असलेल्या तरफेने तो उघडतो आणि बंद होतो. या कंपनीचे आल्बेर्तो अलेस्सी हे आईकडून आल्फोन्सो बियालेत्ती यांचे नातू. म्हणजे एकाच सरोवराकाठी आणि एकाच नात्यागोत्यात ही दोन भांडी घडली.

शिट्टीसोबत एक धोका येतो. ओतण्याआधी ती काढावी लागते आणि त्या क्षणी वाफ हाताशी असते. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ त्वचेवर थंड होऊन पाणी बनताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता सोडते. तेवढेच उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना त्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतकी उष्णता देते. म्हणूनच चांगल्या किटल्यांत शिट्टी उघडण्याचा खटका मुठीवर, अंगठ्याखाली असतो.

ज्योत गेल्यावर काय?

ही सारी भांडी ज्योतीसाठी घडली. इंडक्शन शेगडीवर ज्योत नसते. तिच्यातील वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलते आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीजप्रवाह निर्माण होऊन ते तापते. लोखंड किंवा चुंबकाला चिकटणारे स्टील यासाठी योग्य. तांबे आणि ॲल्युमिनियम विजेला फार कमी विरोध करतात आणि चुंबकाला प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे साध्या इंडक्शनवर ते तापत नाहीत. जो गुण त्यांना ज्योतीवर उत्तम ठरवतो, त्याच्या जवळचाच गुण त्यांना इथे बाद करतो.

पारंपरिक मोका पॉटची अडचण दुहेरी आहे. तो ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याचे बूड लहान आहे. बूड एका मर्यादेपेक्षा लहान असेल तर अनेक इंडक्शन शेगड्यांना वर भांडे ठेवले आहे हेच कळत नाही. त्यामुळे खालची टाकी स्टीलची आणि वरचा भाग ॲल्युमिनियमचा अशी जोड-रचना बाजारात आली. लोखंडी चकती मध्ये ठेवणे हा दुसरा उपाय आहे, पण त्यात उष्णता बरीच वाया जाते. दुसरीकडे, ज्योत नसल्याने मूठ करपण्याची भीती मात्र कमी झाली आहे.

घेताना काय पाहावे?

दुकानात किटली घेताना ती पाण्याने भरून उचलून पाहता आली तर उत्तम. रिकामी किटली सर्वांनाच हलकी वाटते. बूड आपल्या बर्नरच्या ज्योतीपेक्षा रुंद आहे का, मूठ ज्योतीच्या वाटेत येते का, चोचीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आहे का आणि काठ पातळ आहे का, ओतताना झाकण घसरते का, वाफ कोणत्या बाजूला निघते, हे पाहावे. इंडक्शनसाठी साधा चुंबक खिशात ठेवला तरी काम होते. तो बुडाला घट्ट चिकटला, तर भांडे बहुधा चालेल. मोका पॉट असेल तर त्याची रिंग आणि झडप सुटे भाग म्हणून मिळतात का, हे आधी विचारावे. बाकी भांडे वर्षानुवर्षे टिकते, पण रिंग कडक होते आणि झडपेत क्षार साठतात. हे दोन स्वस्त भाग वेळेवर बदलले नाहीत, तर वाफ नको त्या बाजूने वाट काढते.